विजूकाकांची साठी: काकांना सोडून ग्रुप

शुभाताई (बी-३०४): विजूकाका सोडून सगळे आले ना या ग्रुपवर? एकदा यादी बघून घ्या, मग बोलते.

मंगेश (ए-१०३): आले. काकांच्या प्राचीलाही घेतलं, ती पुण्याहून वाचून राहिली आहे.

शुभाताई: शाल-श्रीफळ तर होईलच. पण सोबत हातानं केलेलं एक कार्ड द्यावं असं मनात आहे. बर्डीच्या बाजारात मिळतं तसलं चमकीचं नाही. व्हिडिओ गेमच्या मशीनचं कार्ड, समोरून ओढलं की आत खोल पडदा दिसेल असं. बडकस चौकाजवळचं काकांचं गेम पार्लर आठवतं ना?

मंगेश: आठवतं काय म्हणता ताई! शाळेचा रस्ताच तिकडून होता. निदान मी घरी तसं सांगायचो. मुस्तफा!!

देवेनकाका (सी-१०२): हे मुस्तफा कोण? सी विंगमध्ये नवीन भाडेकरू आलेत त्यातले का?

मंगेश: नाही ना काका. गेम होता तो. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा. त्यातल्या एका गड्याचं नाव मुस्तफा, पिवळी टोपीवाला. ज्याला त्याला तोच पाहिजे. म्हणून आपल्याकडे गेमलाच मुस्तफा म्हणू लागले. कार्डावर मुस्तफाच पाहिजे, मी सांगून ठेवतो.

शुभाताई: मुस्तफा कागदात कापून दाखव मंगेश, मी मान्य करते. माणसाचा चेहरा, हात, टोपी, मागे डायनोसॉर. चार इंचाच्या खिडकीत ते काहीच ओळखू येणार नाही. पॅकमॅन घेऊ. पिवळा गोल, त्यातली एक फाक काढली की झालं काम. १९८० चा आहे, पण आजच्या पोरांनाही समजतो.

सोहम (सी-४०१): पॅकमॅनला मत माझं. त्यातली भुतंही सोपी, चार रंगांत एकच आकार. ब्लिंकी लाल, पिंकी गुलाबी, इंकी आकाशी, क्लाइड नारिंगी.

मंगेश: हाव, करा तुमचंच. पण काकांच्या दुकानात पॅकमॅनसमोर कोणी उभं राहत नव्हतं, एवढं लिहून ठेवा.

प्राची: मंगेशदादा खरं बोलतोय 😄 पण बाबा स्वतः दुपारी दुकान रिकामं असलं की पॅकमॅनच खेळायचे. मुस्तफा त्यांच्यासाठी गल्ला होता फक्त.

शुभाताई: बघा. ठरलं मग. मुस्तफाचं पोस्टर करून आतल्या भिंतीवर चिकटवू, पार्लरमध्ये असायचं तसं. ते तू कर मंगेश.

रश्मी (बी-२०२): ताई, पण खोल दिसणार म्हणजे नेमकं कसं? डबा करायचा का? डबा असला तर काका ठेवतील कुठे, त्यांचं शोकेस आधीच ट्रॉफ्यांनी भरलंय.

शुभाताई: डबा नाही. चार चौकटी एकामागे एक, आणि दोन्ही बाजूंना घड्या घातलेल्या पट्ट्या, जपानी पंख्याला असतात तशा. ओढलं की उघडतं, सोडलं की सपाट. नीट सांगते, कारण कापायला तुम्हालाच बसायचं आहे.

प्रत्येक चौकट १४ × २० सेंमी. ए४ कागद आडवा धरला तर त्यात दोन बसतात, म्हणजे चार चौकटींना दोनच कागद लागले. बाजूच्या पट्ट्या १२ × २० च्या, दोन. तिसऱ्या कागदात त्या दोन्ही निघतात. पट्टीवर दर दीड सेंटिमीटरला घडी, एक आत एक बाहेर. आठ भाग होतात. पहिला आणि शेवटचा भाग चिकटवायला, मधले सहा म्हणजे तीन पोकळ्या. चौकटीची कड किमान दोन सेंमी रुंद ठेवायची, नाहीतर मिटल्यावर घड्या खिडकीतून डोकावतात.

चौकटींना ३०० जीएसएमची, म्हणजे जाड कार्डशीट. पट्ट्यांना मात्र १८० च्या आसपासची, पातळच. जाड कागदाला घडी घातली की वरचा रंग तडकतो आणि आतला पांढरा दिसतो. दुकानात कागद घेताना हातात धरून आधी उभा, मग आडवा हलकेच वाकवून बघायचा. एका बाजूनं सहज वाकतो, दुसऱ्या बाजूनं कुरकुरतो. घड्या सहज वाकणाऱ्या बाजूनंच घालायच्या. दुकानदार हसला तर हसू द्या.

देवेनकाका: टँकर आला आहे. खालच्या टाकीत पाणी घेऊन राहिले आहेत. वरच्या मोटरी सध्या लावू नका.

शुभाताई: बरं काका.

घडीच्या जागी आधी रेघ दाबून घ्यायची. त्याला रिफिल संपलेलं बॉलपेन आणि स्टीलची पट्टी. प्लास्टिकची पट्टी कटरनं सोलली जाते आणि मग सगळ्या रेघा वाकड्या. कटर मोठ्यांनीच धरायचं, पोरांनी नाही.

सोहम: ताई, स्क्रीनमागे एलईडी लावू का? माझ्याकडे कॉपर टेप आहे. एक सीआर २०३२ सेल, तीन व्होल्ट, लाल एलईडी आरामात पेटतो. सर्किट कागदावरच होतं.

रश्मी: सेल नको. प्लीज. तो गोल सेल पोटात गेला तर आतून जाळतो, अन्ननलिकेला भोक पडतं. माझं लेकरू सध्या हातात येईल ते तोंडात घालून राहिलं आहे आणि काकांचा नातूही तेवढाच आहे.

सोहम: बरोबर आहे ताई. सेल रद्द.

शुभाताई: उजेड हवा तर रेडियम लावू. नंबर प्लेटवर अक्षरं कापून देतो तो रेडियमवाला असतो ना, त्याच्याकडून वरची पाटी कापून आणायची. खिडकीला काच म्हणून ओएचपी शीट, ती पारदर्शक प्लास्टिकची असते ना ती.

सोहम: मग एक आयडिया. 'स्पेस इनव्हेडर्स' माहीत आहे? तैतो कंपनीचा, १९७८ चा. त्याचा पडदा मुळात काळा-पांढरा होता. रंग दिसावा म्हणून पडद्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या चिकटवल्या होत्या. एलियन त्या पट्टीमागे आला की हिरवा दिसायचा. आपण तेच करू. आकाशकंदिलाचा जिलेटिन पेपर उरला असेल ना कोणाकडे?

रश्मी: आमच्याकडे लाल आणि हिरवा आहे. दिवाळीपासून माळ्यावर पडलाय.

सोहम: अजून एक. उभ्या मशीनमध्ये त्याचा पडदा सरळ दिसायचाच नाही. आत खाली ठेवलेला असायचा, अर्ध्या पारदर्शक आरशात त्याचं प्रतिबिंब पडायचं आणि मागे चंद्राचं रंगवलेलं चित्र. म्हणून एलियन चंद्रापुढे तरंगल्यासारखे दिसायचे. म्हणजे ताईंचं कार्ड म्हणजे त्या मशीनच्या आतलाच जुगाड झाला.

शुभाताई: हे मला माहीत नव्हतं. मग सगळ्यात मागची चौकट चंद्राची! काळी कार्डशीट, कोपऱ्यात मोठा चंद्र. त्यापुढे एलियन, त्यापुढे पॅकमॅन, सगळ्यात पुढे मशीनचं तोंड. दोन गेम एकत्र झाले तर झाले.

मंगेश: एलियन किती?

सोहम: खऱ्या गेममध्ये पाच ओळी, दर ओळीत ११. म्हणजे ५५.

शुभाताई: ५५ कोणी कापणार नाही. एकच ओळ, ११. तेही कापायचे नाहीत, आलेखाच्या कागदावर रंगवायचे. खेकड्यासारखा जो एलियन आहे तो ११ घरं रुंद, ८ घरं उंच. दोन मिलिमीटरच्या घरांवर काढला तर २२ × १६ मिमीचा होतो.

कुसुमआजी (ए-१०१): मी आजी बोलते, नात टाईप करून देते. घरं मोजून भरायचं म्हणजे दोसुतीवरचं भरतकामच की. नमुना दाखवा, मी ओळ भरून देते. चष्मा नवीन आहे. पण एक सांगते, ११ एकसारखे आडवे केले तर खिडकीत मावणार नाहीत. २२ गुणिले ११ करून बघा.

सोहम: २४२ मिमी. चौकटच १४० ची आहे 😶

शुभाताई: आजी, तुम्हीच मुख्य इंजिनिअर. मग एक मिलिमीटरचं घर घेऊ का? ते डोळ्यांना फार होईल. त्यापेक्षा चारच काढू. बाकीचे मारले गेले असं समजा.

सोहम: हे तर उलट खरं वाटेल. कमी उरले की ते जोरात पळायचे, कारण मशीनला कमी चित्रं काढावी लागायची.

शुभाताई: आता पॅकमॅन. तो नुसता चिकटवायचा नाही, चालवायचा. दुसऱ्या चौकटीत आठ मिमी रुंद, नऊ सेंमी लांब खाच कापायची. दोन नाणी घ्यायची, एक पुढून, एक मागून, मध्ये खाचेतून जाईल असा फोम टेपचा छोटा गोल. पुढच्या नाण्यावर पॅकमॅन. कार्ड तिरपं केलं की तो गडगडत जातो. नाणी सारखी आणि हलकी पाहिजेत. टेप खाचेच्या कडेला घासायला नको, म्हणून तिचे चिकट काठ टाल्कम पावडरमध्ये बुडवून घ्यायचे.

कुसुमआजी: चार आणे चालतील का? हळदीच्या जुन्या डब्यात पुष्कळ पडलेत. २०११ मध्ये बंद झाले तेव्हापासून तसेच आहेत.

शुभाताई: चालतील म्हणजे काय आजी, १९ मिमीचे असतात, पॅकमॅन थोडा मोठा कापला की नाणं पूर्ण झाकतं. दोनच द्या.

मंगेश: पण गडगडला तर उलटा होणार ना तो? तोंड खाली, पाठ वर.

शुभाताई: होऊ दे. गोलच आहे. कधी डावीकडे खाईल, कधी वर.

प्राची: शुभाताई, नाणं टाकायची फट ठेवणार ना? बाबांकडे टोकन नव्हतं, सरळ रुपया टाकायचे लोक. तेव्हाचा मोठा रुपया.

शुभाताई: ठेवणार. आणि ती जुन्या रुपयाच्या मापानंच. १९९२ पासूनचं नाणं २५ मिमीचं होतं, २०१९ पासूनचं २० चं. फट २७ मिमी ठेवू, मागे कागदाचा खिसा, म्हणजे रुपया आतच राहील. जुना रुपया आहे का कोणाकडे?

प्राची: बाबांच्याच कपाटात आहे. आईला सांगते, गुपचूप काढून ठेवेल.

शुभाताई: जॉयस्टिकला उदबत्तीच्या काडीचा तुकडा आणि लाल मणी. टाचणी नको, कोणाला तरी टोचेल. काडी सेंटिमीटरभरच, नाहीतर कार्ड मिटणार नाही. पॅकमॅनच्या भुलभुलैयात तो खातो त्या ठिपक्यांना काय लावू?

कुसुमआजी: खऱ्या खेळात किती असतात?

सोहम: २४० लहान, चार मोठे.

कुसुमआजी: बाप्पा! लहान टिकल्या लावा, पण २४० नाही हो. खिडकीत दिसतील तेवढ्याच. टिकल्यांची पाकिटं मी देते.

रश्मी: चिकटवायला फेविकॉलच ना?

शुभाताई: चौकटीला नको. फेविकॉलात पाणी असतं, मोठ्या भागाला लावलं की कार्डशीट वाकते आणि मग इस्त्री केली तरी सरळ होत नाही. तिथे डबल साइड टेप. टिकल्या, मणी, काडी यांना फेविकॉल चालेल, काडीच्या टोकानं.

आणि हो, सगळ्यांनी लक्षात ठेवा. कूलरसमोर बसायचं नाही. या दिवसांत कूलरशिवाय जमत नाही हे मलाही कळतं, पण त्याच्या दमट वाऱ्यानं कागद ओला होतो, कडा वर येतात. शिवाय तुकडे घरभर उडतात. रविवारी सकाळी सातला क्लब हाउसमध्ये बसू, नऊच्या आत कापाकापी संपली पाहिजे.

देवेनकाका: क्लब हाउसची किल्ली विजूकडेच आहे.

मंगेश: 😂😂

देवेनकाका: हसून काय होणार आहे. मी मागून घेतो. गाद्या वाळवायच्या आहेत असं सांगतो.

मंगेश: मी इतवारीतून कार्डशीट आणतो. तर्री-पोहेही माझ्याकडे.

शुभाताई: पोहे बाहेर खायचे. तर्रीचा एक थेंब काळ्या कागदावर पडला की चंद्र गेला.

लिफाफ्याचं राहिलं. नाणी आणि काडीमुळे कार्ड मिटलं तरी जाड राहील, साध्या लिफाफ्यात जाणार नाही. मिठाईचा अर्धा किलोचा चपटा डबा बघा कोणाकडे मोठा आहे का, त्याला वरून रंगीत कागद लावू.

रश्मी: आहे, १५ × २१ च्या वरचा आहे. मोजला. आणि सह्या कुठे करायच्या?

सोहम: मागच्या बाजूला हाय स्कोअरची यादी! मशीनवर पहिल्या दहात आलं की नावाची तीनच अक्षरं टाकता यायची. प्रत्येक घराची तीन अक्षरं, समोर फ्लॅट नंबर. सगळ्यात वर काका, स्कोअर ६०.

शुभाताई: मस्त. आपापली तीन अक्षरं इथेच टाका. माझी 'शुभा' दोनच होतात, पुढे एक चांदणी घालते.

मंगेश: मंगेश. बरोबर तीन.

कुसुमआजी: कुसुम.

रश्मी: रश्मी दोन. मला पण चांदणी.

देवेनकाका: 'विजूभाऊंस साठीनिमित्त हार्दिक शुभेच्छा व दीर्घायुष्य लाभो, देवेन व परिवार, सी-१०२'

सोहम: काका, तीन अक्षरं.

देवेनकाका: मग नुसतं 'देवेन' लिहा. परिवाराला मी समजावतो.