हट्टी स्वभाव, की आपणच लावलेली सवय?

निळीशाई (धागालेखिका)
माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. "हा जन्मतःच हट्टी" असं घरात सगळे म्हणतात, मीही म्हणायचे. आता मला ते साफ चूक वाटतं.

तो फोन मागायचा, मी नाही म्हणायचे. मग रडणं, पाय आपटणं. चार-पाच वेळा मी ठाम राहायचे आणि कधीतरी, फार दमले असले की, देऊन टाकायचे. बहुतेक वेळा तर मी ठामच असते, अशी मी स्वतःची समजूत घालायचे. साधक अभिसंधानाबद्दल, म्हणजे कृतीनंतर काय मिळतं त्यावरून ती कृती शिकली जाते याबद्दल, वाचलं तेव्हा कळलं की हट्ट पक्का करण्याची याहून चांगली पद्धत नाही. दर वेळी मिळणारं बक्षीस बंद झालं की कृतीही लवकर थांबते. कधी मिळतं, कधी नाही, पुढचं केव्हा ते ठाऊक नाही, असं असलं की ती सुटता सुटत नाही. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये कबुतरांवरच्या प्रयोगांचं जे जाडजूड पुस्तक काढलं, ते बक्षीस कधी आणि किती वेळाने मिळतं यावर वर्तन कसं बदलतं याच्या आलेखांनी भरलेलं आहे. जुगाराच्या यंत्रासमोरून माणूस उठत नाही, त्यामागेही हेच आहे.

आणि शिकत फक्त तो नव्हता. फोन हातात दिला की रडणं थांबायचं, मला सुटल्यासारखं वाटायचं, म्हणून पुढच्या वेळी मी आणखी लवकर द्यायचे. हे ऋण प्रबलन (प्रबलन म्हणजे कृती वाढवणारा परिणाम; ऋण म्हणजे तो नकोसं काही दूर झाल्याने होतो). पुष्कळ जण त्याला शिक्षा समजतात. शिक्षेने वर्तन कमी होतं. इथे त्रास टळतो, म्हणून वर्तन वाढतं. तो मला घडवत होता.

मग तीन आठवडे एकदाही दिला नाही. पहिले चार दिवस रडणं खूप वाढलं, नंतर ओसरलं. आता तो एकदा विचारतो आणि दुसरं काही शोधतो. म्हणून माझं म्हणणं असं: कुणाच्याही 'स्वभावा'वर बोट ठेवण्याआधी त्या कृतीनंतर त्याला काय मिळतं ते पाहा.

ओलीवाट
तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे, पण निष्कर्ष अजिबात पटला नाही. रडणं थांबलं म्हणजे रडण्याचं कारण संपलं असं नाही. मूल थकलंय, एकटं पडलंय, घाबरलंय, हे सांगायला त्याच्याकडे दुसरी भाषा नसते. प्रतिसाद मिळाला नाही की ते सांगायचंच सोडून देतं, आणि आपण त्याला सुधारणा म्हणतो.

बक्षिसाचं तर फार जपून करावं. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३चा प्रयोग पाहा. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांना आधी सांगून प्रशस्तिपत्र दिलं. पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. न सांगता अचानक दिलं त्यांच्यात ही घट दिसली नाही. बक्षीस तर दोन्ही गटांना मिळालं! फरक पडला तो "मी हे कशासाठी करतोय" या मुलांच्या समजुतीने. प्रयोगाच्या पेटीत ठेवलेल्या उंदरावरून हे कसं कळणार?

जुनापूल
मी दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहितो, अभिजात अभिसंधानाबद्दल, म्हणजे दोन गोष्टी एकामागून एक घडल्याने पहिलीलाच शरीर प्रतिसाद देऊ लागतं त्याबद्दल. काही वर्षांपूर्वी सिग्नलला थांबलो असताना मागून गाडी आदळली. आधी ब्रेकची किंचाळी ऐकू आली, मग धक्का. आजही रस्त्यावर तसा आवाज आला की तळहात ओले होतात, मान आखडते. मी पदपथावर असलो तरी. धोका नाही हे मला पूर्ण समजतं, शरीराला समजत नाही. तेव्हा ओलीवाट, समजूत सगळीकडे वरचढ असते असं मी तरी म्हणणार नाही.

समुपदेशकांनी तो आवाज आधी अगदी हळू, मग वाढवत ऐकवला. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची भीती अशीच, ससा थोडा थोडा जवळ आणत घालवली होती. मला बराच फरक पडला. पण मध्ये काही महिने गेले की भीती डोकं वर काढते. कुत्र्यांवर अभिसंधानाचे प्रयोग करणाऱ्या पावलोव्हनेही हे नोंदवलंय: विझवलेली प्रतिक्रिया विश्रांतीनंतर पुन्हा उगवते. नवं शिकलो तरी जुनं खाली शिल्लक राहतं.

ओलीवाट
तुमचा अनुभव मान्य. पण त्यातही 'आवाज अधिक धक्का बरोबर भीती' एवढा सरळ हिशेब नाही. रेस्कोर्ला या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की आवाजाशिवायही विजेचा झटका तितकाच बसत असेल, तर उंदीर आवाजाला घाबरायला शिकत नाहीत, जोडी कितीही वेळा जमली तरी. झटका येणार आहे, असं काहीतरी आवाजाने सांगितलं पाहिजे. गार्सिया आणि कोलिंग यांनी १९६६ मध्ये उंदरांवर दाखवलं की मळमळ चवीशी जोडली जाते, आवाजाशी आणि प्रकाशाशी सहज जोडली जात नाही, झटक्याचं उलट: तो आवाज-प्रकाशाशी जोडला जातो, चवीशी सहज नाही. म्हणजे उंदीरसुद्धा कोरी पाटी नाही. मग मूल कसं असेल?

निळीशाई
कोरी पाटी मी म्हटलं नव्हतं, पण माझ्या लिहिण्यात ते डोकावत होतं खरं. तुमचा पहिला प्रतिसाद वाचून मी मागचे प्रसंग आठवले. तो फोन मागायचा तेव्हा बहुतेक वेळा माझ्या हातात फोन असायचा. त्याला फोन नको असेल, मी हवी असेन. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि आता वाईट वाटतंय.

तरी मुद्दा सोडत नाही. माझं लक्ष हेच त्याचं प्रबलन असेल, तर ते रडल्यावर मिळत होतं, शांत खेळताना मिळत नव्हतं.

ओलीवाट
हीच तर अडचण! फोन ठरला नाही तर लक्ष, लक्ष ठरलं नाही तर तिसरं काही. ज्याने वर्तन वाढलं ते प्रबलन, आणि वर्तन का वाढलं तर प्रबलनामुळे. हे गोल फिरणं झालं.

निळीशाई
आधी सांगून पडताळलं तर गोल नाही. म्हणून आधीच लिहून ठेवते: उद्यापासून दोन आठवडे तो शांत खेळत असताना मी फोन बाजूला ठेवून दिवसातून चार वेळा त्याच्याजवळ जाऊन बसणार. फोनबद्दलचा नियम तोच राहील. रडण्याआधी काय झालं, तो किती वेळ रडला, नंतर त्याला काय मिळालं, हे रोज वहीत लिहीन. माझं बरोबर असेल तर उरलेलं रडणंही कमी होईल आणि तो आपणहून खेळ दाखवायला येऊ लागेल. तसं झालं नाही तर तेही इथेच लिहीन.