तिबोटी खंड्याचे घरट्यावरचे फोटो: मी बंद केले, तुमचं काय मत?

पाणकावळा
गेल्या वर्षी जुलैत कोकणातल्या एका पऱ्याच्या काठी तिबोटी खंड्या मिळाला, म्हणजे आपल्या ग्रुपांवरचा ओडीकेएफ (ओरिएंटल ड्वार्फ किंगफिशर). जेमतेम चिमणीएवढा पक्षी, पण रंग असे की पहिल्यांदा बघणारा कॅमेरा उचलायचं विसरतो. मी विसरलो नाही. सकाळभरात अकराशे फ्रेम मारल्या.

घरी येऊन चाळायला बसलो. पहिली चांगली फ्रेम ८.१२ ची. चोचीत खेकडा, खेकड्याची एक नांगी तुटलेली. शेवटची ८.५१ ची. त्यातही खेकडा, त्याचीही तीच नांगी तुटलेली. म्हणजे ३९ मिनिटं तो पक्षी पिल्लांचा घास धरून, मान खालीवर करत आमच्यासमोर बसला होता. घरट्याच्या बिळाचं तोंड त्याच्यापासून हातभर. समोर आम्ही नऊ जण, सहा ट्रायपॉड आणि "सर, आता वळला, मारा मारा" असं कुजबुजणारा गाइड.

त्या फोटोला भरपूर लाइक आले. मला तो आता बघवत नाही.

हा पक्षी पावसाबरोबर येतो, दरडीत बीळ कोरतो, सप्टेंबरपर्यंत त्याची पिल्लं उडून जातात. त्या दिवसांत वाटेत कुठे चारा शोधताना दिसला तर खुशाल काढा. बिळासमोर काठी रोवून, त्यावर तो बसायची वाट बघत काढू नका, एवढंच माझं म्हणणं.

सह्यवेडा_६००
आला श्रावण, आले प्रवचनकार. साहेब, अकराशे फ्रेम पदरात पडल्यावर वैराग्य येणं सोपं असतं. ज्याला अजून एकही मिळालेली नाही त्याने काय करायचं?

आणि ३९ मिनिटं तो तुमच्यामुळेच थांबला हे कशावरून? आत शिरण्याआधी तो बसून अंदाज घेतोच. वर शिक्रा असेल, खाली साप असेल. घरट्याजवळ बसणं हेच पाप असेल तर सालिम अलींचं काय करायचं? १९३० साली किहीमला ते सुगरणीच्या घरट्यांपाशी तासन्‌तास बसले, म्हणून तर नर एकामागून एक घरटी विणून अनेक माद्यांशी संसार थाटतो हे कळलं.

दवबिंदू
सालिम अली वही घेऊन बसले होते, रविवारच्या तीन बॅचेस घेऊन नाही. त्यांच्या बसण्यातून सुगरणीचा संसार उलगडला. तुमच्या बर्स्टमधून, धडाधड मारलेल्या फ्रेममधून, नवीन काय कळलं?

मी फुलांवाली, म्हणून तिकडचंही सांगते. कासच्या सड्यावर जांभ्या दगडावर जेमतेम बोटभर माती. तिथे दवबिंदूच्या (माझं नाव ज्यावरून घेतलं ती किडे खाणारी वनस्पती) चिकट पानांचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो, मिळावा म्हणून लोक सीतेची आसवं या फुलांवर पालथे पडतात. उठल्यावर मागे माणसाचा ठसा राहतो. कोपरं, पोट, गुडघे, सगळं ओळखू येतं. फूल ओरडत नाही, उडूनही जात नाही, त्यामुळे फोटो मात्र "सुंदर!" असतो.

पक्ष्यांच्या बाबतीत तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच अंड्यांना आणि घरट्यांना उपद्रव देणं येतं. बंदूक लागत नाही.

सह्यवेडा_६००
नवीन काय कळलं? ३९ मिनिटं कळली की! कॅमेरा नसता तर पाणकावळ्यांना खेकड्याची नांगी दिसली असती का?

नवा_पक्षीमित्र
छान माहिती. लोकेशन मिळेल का प्लीज?

दवबिंदू
घ्या.

आगरातली_काकू
नमस्कार. मी वाचते जास्त, लिहिते कमी. पण आमच्या परड्यातल्या दरडीत तीन वर्षं हा पक्षी येतो आणि तो दाखवायचे मी पैसे घेते, तेव्हा मला बोलायला हवं.

हिरव्या जाळीमागे चौघांनाच बसवते. फ्लॅश नाही. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावणाऱ्याला उठवते. मागच्या वर्षी एका मोठ्या लेन्सवाल्याने बिळावर लोंबणारी मुळं कात्रीने छाटली. का, तर "फ्रेम क्लीन दिसत नाही". त्या मुळांच्या आडोशाला बीळ होतं, बाबा! त्याला जेवायलाही न घालता वाटेला लावला.

पण "बंद करा" म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं. ती दरड जेसीबीने काढून गाड्या लावायला जागा करायची ठरली होती. पैसेही बोलून झाले होते. पक्षी आला, पाहुणे यायला लागले, दरड राहिली. पावसाळ्यात इकडे आंबा नाही, काजू नाही, समुद्रावर कोणी फिरकत नाही. आमचे हे म्हणतात, बोटभर पाखराने घराची कौलं बदलली. खोटं नाही.

पाणकावळा
काकू, मुळं छाटणाऱ्याला तुम्ही वाटेला लावलंत, आमच्या गाइडने त्याला चहा पाजला असता. एक विचारतो. जाळी बिळापासून किती लांब?

आगरातली_काकू
आठ पावलं. माझी.

पाणकावळा
एक करून बघाल? पक्षी घास घेऊन बसला की घड्याळ लावायचं, आत गेला की थांबवायचं. जाळीमागे माणसं असताना आणि नसताना. मी त्या दिवशी हे करायला हवं होतं.

सह्यवेडा_६००
मग जाळी वीस पावलांवर न्यायला सांगाल. पावसाळी उजेड, वर झाडोरा, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) ६४०० पर्यंत ताणलेला, आणि त्यातून क्रॉप. फोटोत नुसती रेती येते. पाहुणे कमी झाले तर दरड कोण राखणार, तुमचे लाइक?

दवबिंदू
रेती तुमच्या फोटोत येईल. खेकडा निदान पिल्लाच्या पोटात जाईल.

सह्यवेडा_६००
आणि जेसीबी आला की पिल्लू कुठे जाईल? त्याचंही बोला.

आगरातली_काकू
भांडू नका. दोन दिवस घड्याळ लावलं. माणसं असताना ११ मिनिटं, ४, १७. नसताना २, २, ६. तेव्हा मी पडवीतून बघत होते. सहाच्या वेळी आमचं मांजर अंगणात होतं, आणि सतराच्या वेळी पाऊस धो धो होता. त्यामुळे काय समजायचं ते समजा.

रविवारच्या चौघांना फोन करून सांगितलं की जाळी बारा पावलांवर नेतेय. दोघांनी आगाऊ परत मागितला, दिला. उरलेल्या दोघांपैकी एक सह्यवेडा असेल तर आत्ताच सांगावं, श्रावण पाळतो की मासे खातो.