मदत हवी आहे: बॉल पायथन (पाळलेला बिनविषारी अजगर) अचानक अंगावर येतोय

आम्ही ऑस्टिनला राहतो. लेकाचा बॉल पायथन तीन वर्षांचा आहे, आजवर हातावर वेटोळं करून निवांत बसायचा. गेले तीन आठवडे मात्र त्याच्या पेटीची काच सरकवली की मान आखडतो आणि थेट झेप घेतो. परवा माझ्या अंगठ्याला चावला. रक्ताचे बारीक ठिपके आले, बाकी काही नाही, पण लेक फार रडला.

कात टाकून झालीय, डोळे स्वच्छ आहेत. उबेच्या बाजूला 32 अंश असतं. गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात ठेवून चिमट्याने देतो. आता तो चिमट्यालाच डसतो, उंदीर तसाच पडून राहतो.

आकड्याच्या काठीने आधी हलकेच स्पर्श केला की त्याला 'आत्ता खाणं नाही' हे कळतं म्हणे. कुणी केलंय का? किती दिवस हात लावू नये? त्याला देऊन टाकायचं अजिबात मनात नाही.