घुमा, भिडस्त, अबोल की नुसताच इन्ट्रोव्हर्ट?

पडवीतला

मंडळी, एक शब्द अडलाय. घरात तीन दिवस त्यावरून वाद चाललाय आणि मी मध्ये पडून दोन्हीकडची बोलणी खातोय, तेव्हा म्हटलं इथे टाकावं.

ठाण्याहून भाची आलीय. तिला एकच पिक्चर परत परत बघायचा नाद आहे, आणि नुसतं बघणं नाही, प्रत्येक पात्राला चार अक्षरं चिकटवायची, ते सोळा टाईपवालं असतं ना तसलं, आणि वहीत लिहून ठेवायचं. परवा वेंगुर्ल्यात पावसाने असा धिंगाणा घातला की बाहेर पडायची सोय नव्हती, म्हणून 'किल्ला' लावला. माझा दुसऱ्यांदा, तिचा पाचव्यांदा का सहाव्यांदा, आणि आईचा पहिल्यांदाच. आई बाजूला उकडलेल्या आठळ्या सोलत बसलेली. पडवीच्या पत्र्यावर पाऊस इतका की अर्धे डायलॉग ऐकूच येईनात, पण त्यातला पोरगा, चिन्मय, मुळात बोलतोच किती, त्यामुळे फार काही बुडलं नाही.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, अविनाश अरुणचा पिक्चर, २०१५ ला थेटरात आला होता. वडील गेलेले, आई सरकारी नोकरीत, तिची बदली होते आणि पुण्यात वाढलेला हा पोरगा कोकणातल्या शाळेत येऊन पडतो. तर भाचीच्या वहीत 'चिन्मय : इन्ट्रोव्हर्ट' आणि पुढे आणखी तीन अक्षरं. मी म्हटलं, म्हणजे घुमा. ती उखडलीच, मामा घुमा ही शिवी आहे, इन्ट्रोव्हर्ट हा टाईप आहे. आणि आई आठळीवरची नजर न हलवता म्हणाली, "घुमो खंयचो गो तो, आवशीवर रागान गप रवलोसा." म्हणजे घुमा कुठला, आईवर रागावून गप्प राहिलाय.

तर प्रश्न असा की इन्ट्रोव्हर्टला आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द कुठला? अंतर्मुख माहितीय, तो सांगू नका. "आमचा धाकटा जरा अंतर्मुख आहे हो" असं कोणी पोरगी बघायला गेल्यावर म्हणाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

सुरंगीचो वळेसर

दादा, अंतर्मुख सांगू नका म्हणालात तरी त्याच्याबद्दलच बोलते, कारण गोची तिथेच आहे. मराठीत माणूस अंतर्मुख *असण्यापेक्षा* अंतर्मुख *होतो* जास्त. नाटकाच्या परीक्षणात हमखास वाक्य असतं बघा, 'प्रेक्षकांना अंतर्मुख करणारा प्रयोग'. म्हणजे काय, प्रेक्षक आत इन्ट्रोव्हर्ट बनून बाहेर आले आणि चहाच्या टपरीवर कोणाशी बोलेनात? तर नाही, ते विचारात पडले एवढंच. कीर्तनकारबुवा पण सांगतात, जरा अंतर्मुख व्हा, म्हणजे मन बाहेरच्या पसाऱ्यातून काढून आत वळवा. ती एक क्रिया आहे, करायची गोष्ट, आणि चांगलीच समजली जाणारी. मानसशास्त्राच्या पुस्तकांनी तोच शब्द उचलून स्वभावाला लावला, पुस्तकात ठीक बसला, पण तोंडात नाही बसला.

खाडीपलीकडे

मूळ शब्द तरी कुठे फार जुना आहे. युंगने १९२१ ला स्वभावांच्या प्रकारांवर जर्मनमध्ये पुस्तक लिहिलं तिथून हे अंतर्मुख बहिर्मुख जगभर झालं, आणि त्याचं म्हणणं असं होतं की दोन्ही ओढी प्रत्येकात असतात, एक वरचढ असते इतकंच. पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स या मायलेकींनी त्यावरून प्रश्नावली बेतली, दुसरं महायुद्ध चालू असताना. दोघीही शिकलेल्या मानसशास्त्रज्ञ नव्हत्या. चार जोड्या, प्रत्येकीतलं एक अक्षर घ्यायचं, की झाले सोळा टाईप. भाचीला सांगा, तीच चाचणी काही आठवड्यांनी परत सोडवली तर बऱ्याच जणांचं एखादं तरी अक्षर बदलतं. अभ्यासक लोकांची तिच्याबद्दल हीच मोठी तक्रार आहे, शिवाय ही की माणसं अशी दोन डब्यांत पडत नाहीत, बहुतेक सगळी मध्ये कुठेतरी असतात.

बाकी चालू द्या.

बांगडोफ्राय

मेल्यांनो, गप रवता तो गप रवता, तेका अक्षरां कित्याक व्हयी? आमच्याकडे उलट काळजी, जो लय बोलता त्याची. गजालीन घोव खाल्लो म्हणतत ता काय उगीच? त्या चिन्मयच्या दोस्ताक, बंड्याक, काय लावल्यान तुमच्या भाचीन ता सांगा आधी.

पडवीतला

बंड्याला ई लावलंय, म्हणजे बहिर्मुख, आणि पुढे काहीतरी. आईने त्याला 'द्वाड' लावलंय. मला वाटतं व्रात्य. पण बघा ना, द्वाड आणि व्रात्य दोन्ही शब्द म्हणताना तोंडावर थोडं हसू असतं, परक्याच्या पोराला ज्या सुरात म्हणू त्याहून वेगळ्या सुरात घरच्याला म्हणू. अक्षरांत तो सूर कुठून आणणार.

आणि त्यावरूनच मला जे सुचलं ते लिहितो, जरा लांबेल. गप्प माणसासाठी आपल्याकडे शब्द कमी नाहीत, उलट इतके आहेत की एकाच पोरावर सगळे बसवून बघावे लागतात. अबोल म्हणजे कमी बोलतो, बस, त्यात दोष नाही, कवितेत पण चालतो. घुमा म्हणजे कमी बोलतो *आणि समोरच्याला ते खुपतंय*. विचारलं तर उत्तर देत नाही, मनात काय आहे पत्ता लागत नाही, ही तक्रार त्या शब्दातच शिवलेली आहे. भाची चिडली ते बरोबरच होतं, शिवी नाही पण फिर्याद आहे ती. मुखदुर्बळ म्हणजे आत सगळं आहे, कळतं सगळं, ऐन वेळी तोंडातून निघत नाही. आमचे एक नातेवाईक जमिनीच्या मोजणीला स्वतःची हद्द तोंडपाठ असून गप्प उभे राहिले आणि घरी येऊन रात्रभर भांडले, ते मुखदुर्बळ. एकलकोंडा स्वतःहून बाजूला जाऊन बसतो. माणूसघाण्याला माणसंच नकोत, आणि हल्लीची पोरं "मी ना खूप इन्ट्रोव्हर्ट आहे" म्हणून पाहुण्यांच्या पाया पडायला बाहेर येत नाहीत ती खरं तर इथे मोडतात, असं आमच्या आईचं ठाम मत. आतल्या गाठीचा तर वेगळाच, तो गप्प असतो कारण त्याचा काहीतरी बेत शिजतोय.

आणि माझा लाडका शब्द, भिडस्त. याला इंग्रजीत शाय म्हणून मोकळे होतात पण शाय माणूस एकटाच शाय असतो, भिडस्ताला दुसरा माणूस लागतो. भीड ही कोणाची तरी असते. मामांची भीड, नव्या जागेची भीड, ताटात चौथी पोळी पडली तरी नको म्हणायची भीड. ती पडते, ती चेपते, ती मोडवत नाही. 'भीड भिकेची बहीण' म्हणतात ते काय खोटं नाही, ज्याची भीड चेपत नाही तो स्वतःचे पैसे पण परत मागू शकत नाही.

आता गंमत बघा, या शब्दांतला जवळजवळ प्रत्येक शब्द शेजारच्या पडवीत बसून म्हटलेला आहे. माणूस आतून कसा आहे यापेक्षा तो आपल्याशी कसा वागला त्याचा हिशेब. अक्षरवाल्या चाचणीत माणूस स्वतःच स्वतःबद्दल फॉर्म भरतो, आणि पिक्चरमधल्या पात्राचा फॉर्म तर तिसराच कोणीतरी भरतो. म्हणून भाचीचा आणि माझा वाद मिटत नाहीये, ती चिन्मयच्या बाजूने फॉर्म भरतेय आणि मी बंड्याच्या बाकावर बसून बोलतोय.

सुरंगीचो वळेसर

घुमणे म्हणजे आवाज भरून राहणे, घुमट घुमतं, अंगात वारं आलेला माणूस घुमतो, आणि घुमा मात्र गप्प! व्युत्पत्ती म्हणून नाही हो सांगत, गंमत म्हणून. पण मला घुम्याचं चित्र कायम मडक्यासारखंच दिसतं, बाहेर काही नाही आणि आत सगळं घुमतंय.

खाडीपलीकडे

परत बघण्यावरून आठवलं, 'नारबाची वाडी' कोणी दोनदा बघितलाय का? २०१३ चा, दिलीप प्रभावळकर नारोबा झालेत आणि खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार, मनोज जोशी. मूळ कथा बंगाली नाटकाची पण ती नारळीपोफळीच्या वाडीत इतकी मुरलीय की सांगून खरं वाटत नाही. खोताला म्हाताऱ्याची वाडी हवीय, ठरतं असं की नारोबा जिवंत असेपर्यंत खोताने त्याला दरमहा पैसे द्यायचे आणि मेला की वाडी खोताची. आणि म्हातारा काही मरत नाही.

पहिल्यांदा बघितला तेव्हा मी नारोबाला *भोळा* म्हटलं. बिचारा, नशिबाने तरला. लॉकडाऊनमध्ये परत बघितला तर म्हटलं, भोळा? हा तर पक्का *बेरकी* आहे! आणि तिसऱ्यांदा बघताना दोन्ही शब्द नको झाले. बेरकीला डाव आखावा लागतो, नारोबा डाव नाही आखत, तो नुसता झाडांकडे बघत जगतो आणि जगायचं सोडत नाही. शेवटी मी *चिवट* वर आलो. चिवट शब्द पोफळीच्या विरीला, म्हणजे झावळीच्या बुडाशी असतं त्या आवरणाला, पण लागतो, म्हणून असेल.

शब्दचर्चा आहे तर हे पण टाकतो. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण 'खोत' हा स्वभाव म्हणून भाषेत राहिलाच. आमचे काका कोणी पाय पसरून दुसऱ्याच्या घरात हुकूम सोडायला लागला की म्हणायचे, "बसलाय बघ खोतासारखा." याला कुठली चार अक्षरं लावणार?

बांगडोफ्राय

अण्णा नाईक रवले की वो! त्येंका इसरून कोकणाची चर्चा जाता काय.

पडवीतला

अण्णा विसरतोय कसा, भाचीच्या वहीत त्यांना अख्खं पान आहे. आणि त्यांच्या 'रात्रीस खेळ चाले' मालिकेची गोष्ट या चर्चेत फिट बसते खरं तर. २०१६ ला पहिला सीझन सुरू झाला तो अण्णांच्या मरणापासूनच, म्हणजे आकेरीच्या त्या वाड्यात अण्णा कसे होते ते आपल्याला कळलं ते सगळं दुसऱ्यांच्या तोंडून, त्यांच्या बायकोच्या म्हणजे माईच्या, पोरांच्या. मग २०१९ ला मागची गोष्ट आली, माधव अभ्यंकरांचे जिवंत अण्णा, आणि ज्या बाईशी त्यांचं लफडं ती शेवंता. तेव्हा आपण ऐकलेले शब्द आणि समोरचा माणूस यांची जुळवाजुळव करत बसलो. आई त्यांना सरळ 'पाताळयंत्री' म्हणायची, आणि तरी रोज साडेदहाला टीव्हीसमोर हजर, जागा सोडायची नाही.

तिथेच आणखी एक शब्द खटकला, कॅरेक्टर. भाची म्हणते अण्णा काय भारी कॅरेक्टर आहे, म्हणजे पात्र. शेजारचे काका म्हणतात त्याच मालिकेतला पांडू म्हणजे कॅरेक्टरच, म्हणजे नमुना, वल्ली. आणि आई म्हणते त्या शेवंताचा कॅरेक्टर बरा नाय. एक शब्द, तीन अर्थ, एकाच सोफ्यावर. आणि तिसरा अर्थ बाईलाच का चिकटतो, अण्णांचं कॅरेक्टर कोणी काढलं नाही आमच्या घरात, पाताळयंत्री म्हणाले पण कॅरेक्टर नाही काढलं, हे भाचीने बोलून दाखवलं तेव्हा आई जरा वेळ खरंच घुम्यासारखी बसली.

सुरंगीचो वळेसर

शाब्बास तिची. नमुना आणि वल्लीवरून सांगते, नमुना फारसीतून आला, तिथे साधं सँपल, आणि वल्ली अरबी वली, म्हणजे संत, देवाजवळचा माणूस. आपल्याकडे येऊन संताचा विक्षिप्त कसा झाला बघा. इरसालचं पण तसंच, मुळात पाठवणी, सरकारी खजिन्यात पाठवायची रक्कम. ती रक्कम चोख लागायची म्हणून बहुतेक चोख लबाड तो इरसाल झाला, असा माझा आपला अंदाज.

पण तुमच्या आईंचं वाक्य राहिलंच की दादा. रागान गप रवलोसा. ते मला या सगळ्या शब्दांपेक्षा जास्त पटलं.

पडवीतला

हो, तेच सांगायला परत आलो. काल संध्याकाळी लाईट आली तशी भाचीने परत 'किल्ला' लावला, आईला खोटं पाडायचं म्हणून. यावेळी पाऊस कमी, ऐकू येत होतं. तो किल्ल्यावरचा भाग आला, पोरं सगळी निघून जातात आणि हा पावसात एकटाच मागे राहतो. पहिल्यांदा बघताना मी त्या पोरांवर चिडलो होतो. या खेपेला मी फक्त पुढचं बघत होतो, त्यानंतर तो कोणाशी बोलत नाही आणि कोणाशी बोलतो. तर मित्रांशी अबोला, आईशी तुटक, पण पोरगा मुळात गप्प नाहीये हो. दोस्ती जमलेली असते तेव्हा बंड्याबरोबर मस्त खिदळतो. आणि आई म्हणते तसं तिच्याशी बोलताना जी वाक्यं अर्धी तोडतो ती बदलीवरून, वडिलांवरून, पुण्यावरून. घुमा असता तर सगळीकडे घुमा असता. हा *अबोला* आहे. अबोल आणि अबोला, एका कान्याचा फरक. अबोल माणूस *असतो*, अबोला माणूस *धरतो*, कोणावर तरी धरतो, आणि कधीतरी सोडतो. आणि नेमका सोडायला लागतो तेव्हा आईची परत बदली.

भाचीने वहीत इन्ट्रोव्हर्ट खोडलं नाही, हट्टी आहे, आमच्याच घरातली. पण त्याच्यापुढे बारीक अक्षरात 'सध्या रुसलाय' लिहिलंय.

मग आईने विचारलं, "आणि माका गो खंयची अक्षरां?" भाचीने फोन काढून वीस प्रश्न विचारले. गर्दीत गेल्यावर थकायला होतं का या प्रश्नाला आई म्हणाली, "जत्रेत की बाजारात?" तिथेच चाचणी अडकलीय. उद्या 'श्वास' लावायचाय, त्यातल्या आजोबांना शब्द काय द्यायचा ते आत्तापासून सुचवून ठेवा, आईला विचारलं तर ती परत एका वाक्यात संपवेल.

बांगडोफ्राय

जत्रेत की बाजारात! बरोबर विचारल्यान म्हातारीन. जत्रेत थकाक व्हता, बाजारात नाय.