बॅटलफिल्ड वनचा पुढचा भाग कुटच्या वेढ्यावर हवा का?

तिग्रिसकाठ: बॅटलफिल्ड वन हा पहिल्या महायुद्धावरचा व्हिडिओ गेम २०१६ साली आला. त्यात इराकच्या दक्षिण टोकावरच्या फाओ किल्ल्याचा मल्टिप्लेयर नकाशा आहे, पण प्रस्तावनेनंतरच्या पाचही कथांत हिंदी शिपाई नायक नाही. नोव्हेंबर १९१४ मध्ये फाओला प्रत्यक्षात जी ब्रिगेड उतरली, ती ब्रिटिश हिंदी फौजेच्या सहाव्या पुणे डिव्हिजनची होती. तीच डिव्हिजन पुढे इराकमधल्या तिग्रिसकाठच्या कुट गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, एकूण १४७ दिवस, मग शरणागती. आत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या.

पुढच्या भागाचा नायक ११७ मराठातला नाईक असावा आणि सगळी मोहीम त्याच्याच डोळ्यांनी दिसावी. आणि काडतुसांच्या आधी पीठ संपलं पाहिजे. शिधा घटत जाईल तसा नेम हलायला लागेल, धावताना दम लागेल. घोड्याचं मांस खायचं की नाही, हा प्रश्न आपल्या शिपायांपुढे खरोखर होता. बऱ्याच जणांनी महिनोन्‌महिने नकार दिला. तो निर्णय खेळणाऱ्याला घेऊ द्या.

रायफलवेडा: विषय जबरदस्त आहे, पण जागा चुकली. २४ डिसेंबरचा कुटच्या किल्ल्यावरचा हल्ला परतवला, त्यानंतर तुर्कांनी तसा मोठा हल्ला केलाच नाही. पुढचे चार महिने नुसतं उपाशी बसायचं? शूटर आहे हा, लोक दुसऱ्या दिवशी अनइन्स्टॉल करतील. त्यापेक्षा वेढा फोडायला निघालेली फौज घ्या. शेख साद, हन्ना, दुजैला इथल्या लढाया. उघडं सपाट मैदान, गुडघाभर चिखल, समोर खंदक. त्या फौजेतही हिंदी पलटणी होत्याच.

तिग्रिसकाठ: बाहेरची लढाई सगळेच दाखवतील. आतला माणूस ती फक्त ऐकतो, हेच तर वेगळं आहे. २४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' ही आगबोट २७० टन रसद घेऊन तुर्कांच्या पहाऱ्यातून निघाली. तिला पोलादी पत्रे ठोकले होते. ही मिशन बोटीवरून खेळायची नाही. आपण कुटच्या काठावर अंधारात उभे, दूरवर बंदुकांचा आवाज, मग अचानक शांतता. बोट कुटला पोचलीच नाही. मला ती शांतता खेळात हवी आहे.

चावडीवरून: माझा मूळ कल्पनेलाच विरोध आहे. आमच्या गावच्या चावडीत संगमरवरी पाटी आहे, १९१४ ते १९१९ च्या लढाईत गावातून किती गेले आणि किती मेले, एवढाच आकडा. नावं नाहीत. लहानपणी मी त्या अक्षरांवरून बोट फिरवायचो. त्या माणसांच्या उपासमारीवर कुणी हेडशॉटचे गुण मोजावेत, हे मला सहन होणार नाही.

तिग्रिसकाठ: दादा, तुमचं दुःख समजतं. पण नावं नाहीत म्हणूनच म्हणतो, त्या माणसाला निदान चेहरा तरी मिळेल. आमच्या वर्गात कुट हा शब्द एकदाही आला नव्हता.

नखलाबाई: दोघेही एक गोष्ट विसरताय. कुट हे भरवस्तीचं गाव होतं. सुमारे सहा हजार अरब रहिवासी त्याच वेढ्यात उपाशी होते, आणि शरणागतीनंतर त्यांतल्या काहींना तुर्कांनी फासावर दिलं. फौज आली ती पर्शियातल्या तेलाच्या राखणीला. आपला नाईक शूर होता, मान्य, पण ज्याच्या घराच्या भिंतीला भोकं पाडून तो बंदूक रोखतो, त्या माणसाला संवाद हवेत. नसतील, तर मी या खेळाच्या विरोधात.

रायफलवेडा: हे पटलं. मग शेवटाचंही ठरवा. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. कुटमधल्या फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला आणि शिपाई वाळवंटातून पायी रास अल-ऐनच्या रेल्वेकामाला. खेळ २९ एप्रिललाच, शरणागतीआधी आपल्याच तोफा फोडल्या की संपवायचा?

तिग्रिसकाठ: नाही. शेवटच्या मिशनमध्ये हातात बंदूकच नसावी. फक्त चालायचं, आणि शेजारचा पडला तर त्याला उठवायचं बटण.

चावडीवरून: तेवढी एक मिशन मी खेळेन. बाकीच्यांबद्दल माझं मत बदललेलं नाही.