«सुमारे 5» ही राशी गणितात कशी मांडावी?

प्रश्न:
माझ्या गणनेत एक राशी «सुमारे 5» व दुसरी «सुमारे 3» आहे आणि मला त्यांची बेरीज व गुणाकार हवा आहे. [4, 6] व [2, 4] असे अंतराल घेतले तर आकडेमोड सोपी होते. परंतु 4 पूर्णपणे मान्य आणि 3.99 पूर्णपणे अमान्य, हे मला पटत नाही. याहून योग्य मांडणी कोणती?

प्रतिसाद 1:
लोत्फी झादे यांनी 1965 मध्ये मांडलेले फझी संच पाहावेत; त्यांत प्रत्येक मूल्य संचात किती अंशी बसते हे 0 ते 1 मधल्या आकड्याने, म्हणजे सदस्यत्वाने, सांगितले जाते. (4, 5, 6) ही त्रिकोणी फझी संख्या घेतली, तर 5 चे सदस्यत्व 1 असते, दोन्ही टोकांकडे ते उतरत शून्यावर येते, आणि 4.5 चे 0.5 राहते. (2, 3, 4) मिळवल्यास (6, 8, 10) येते. गुणाकार मात्र जपून करावा. 8, 15 व 24 हे तिन्ही बिंदू बरोबर असले तरी त्रिकोणाच्या बाजू वक्र होतात: 0.5 च्या पातळीवर, म्हणजे सदस्यत्व किमान 0.5 असलेल्या मूल्यांसाठी, खरे उत्तर [11.25, 19.25] आहे, तर बाजू सरळ धरल्यास [11.5, 19.5] मिळते. सरळ बाजू सोयीसाठी घेतल्या असतील, तर उत्तर अंदाजे आहे हे लिहायलाच हवे.

प्रतिसाद 2:
सदस्यत्व म्हणजे संभाव्यता नव्हे. राशी वारंवार मोजता येत असेल, तर संभाव्यताच वापरावी, असे माझे ठाम मत आहे. परस्पर स्वतंत्र मोजमापांची प्रमाण विचलने (सरासरीभोवतीच्या विखुरलेपणाची मापे) 0.3 व 0.4 असतील, तर बेरजेचे 0.5 येते, 0.7 नव्हे; कारण त्रुटी काही अंशी एकमेकींना खोडतात, हे अंतरालांच्या बेरजेत दिसत नाही.

प्रतिसाद 3:
अंतराल सोडण्याची घाई करू नये. राशीच्या फक्त सीमा ठाऊक असतील, तर तीच प्रामाणिक मांडणी आहे. खरा धोका एकच राशी सूत्रात दोनदा येण्यात आहे. क्ष हा [4, 6] मध्ये असताना क्ष(10 − क्ष) काढल्यास [16, 36] मिळते, कारण दोन्ही घटक स्वतंत्र मानले जातात. तेच सूत्र 25 − (क्ष − 5)² असे लिहिले की क्ष एकदाच येतो आणि नेमके [24, 25] हाती लागते.

प्रश्नकर्ता:
फझी संख्या घेतल्यास ही अडचण टळते का?

प्रतिसाद 3:
नाही. सदस्यत्वाच्या प्रत्येक पातळीवरचा छेद (किमान तेवढे सदस्यत्व असलेली मूल्ये) हा अंतरालच असल्यामुळे उत्तर गरजेपेक्षा रुंद होण्याची तीच फुगवट 1 खालच्या प्रत्येक पातळीवर येते. म्हणून सूत्राची फेरमांडणी तिथेही आधी करावी.