मदत हवी आहे: फिनिश अक्षरं पाठ आहेत, तरी वाचलेलं कोणाला कळत नाही

घाईगडबड | १८:४०
फिनिशची २९ अक्षरं पाठ झाली. क्रमाने येतात, उलटीही येतात. पण मोठ्याने वाचलं की समोरचा दर दुसऱ्या शब्दाला "काय?" विचारतो. जिथे बघावं तिथे लिहिलंय की फिनिश जसं लिहितात तसंच वाचतात. मग अडतंय कुठे? शुक्रवारी एक पानभर उतारा वाचायचाय. व्याकरण नको, फक्त उच्चार. लवकर सांगा.

ताकभात | १८:५२
कुठले शब्द? ऐकणारा फिनिश आहे की तुमच्यासारखाच शिकणारा? अक्षरांचा तक्ता कुठल्या भाषेतला? "कळत नाही" एवढ्यावर निदान होत नसतं हो.

टिंबटिंब | १८:५८
फोनवर फिनिश की-बोर्ड टाकून घ्या. नसेल तर ए दाबून धरला की टिंबांचा ए (डोक्यावर दोन टिंबं असलेला) मिळतो. संगणकाच्या फिनिश की-बोर्डवर एलच्या उजवीकडे टिंबांचा ओ, त्याच्या शेजारी टिंबांचा ए आणि पीच्या उजवीकडे डोक्यावर गोल असलेला ए. शब्दकोशात ही तिन्ही अक्षरं झेडच्या नंतर येतात: आधी गोलाचा ए, मग टिंबांचा ए, मग टिंबांचा ओ. "आई"चा शब्द टिंबांच्या ए-ने सुरू होतो. तो पहिल्या पानांवर शोधत बसू नका.

घाईगडबड | १९:०५
की-बोर्ड कोणी विचारला? तक्ता इंग्रजीतलाच आहे, बाकी कुठे मिळतो? शब्द सगळेच अडतात. प्रत्येक ओळीखाली देवनागरीत उच्चार लिहून ठेवलेत, त्यामुळे वाचताना अडखळायला होत नाही.

ताकभात | १९:०८
ते देवनागरीतलं पाच-सहा शब्द इथे टाका.

घाईगडबड | १९:१५
तुली, तुली, तुली (तिघांचं स्पेलिंग वेगळं, पण ऐकायला एकच). तलो. जा. तपान. युवस्कुला, हे गावाचं नाव.

अनुस्वार | १९:४१
सापडलं. (इथे रोमन अक्षरं टाकली की नुसते खोके दिसतात, म्हणून अक्षरांची इंग्रजी नावं देवनागरीत लिहितो. स्वर लांबवायचा तिथे ऽ.)

तुमची तीन "तुली" म्हणजे तुलि, तूलि आणि तुल्लि. पहिली आग, दुसरा वारा, तिसरं सीमाशुल्क. एक अक्षर म्हणजे आखूड, तेच दोनदा म्हणजे लांब. स्वराला हाच नियम, व्यंजनालाही हाच. मराठीत व्यंजनाचा हा फरक आहेच: पती आणि पत्ती, मका आणि मक्का. त्यामुळे कुका (कोण) आणि कुक्का (फूल) एका दिवसात जमतील. क्कमध्ये जीभ चिकटून थोडी थांबते, ती शांतता ऐकू आली पाहिजे.

खरी फसगत स्वरांत आहे.

आपण इ-ई, उ-ऊ वेगळे लिहितो, पण बोलताना फरक पाळतोच असं नाही. त्यात शब्दाच्या शेवटी दीर्घ लिहायचा नियम हातात इतका बसलाय की "तुलि"चं आपोआप "तुली" होतं. फिनिशमध्ये शेवटचा आय एकच असेल तर तो तोडायचा. ए आणि ओ हे स्वर (इथे अक्षरांची नावं नव्हेत) आपल्याकडे लांबच असतात, तिथे दोन्ही लांबीचे असतात. तुले म्हणजे "ये", तुलेऽ म्हणजे "येतो".

आणि सगळ्यात वाईट अ-आ. आपल्याला वाटतं आ म्हणजे लांबवलेला अ. तसं नाही, दोन्हींचा उच्चारच वेगळा आहे. फिनिशमध्ये एकच ए (हे इंग्रजी अक्षर) हासुद्धा आ-च असतो, फक्त अर्ध्या वेळाचा. "तलो" नाही, तालो (घर), पण ता पटकन. तुमचं "तपान" तापान असेल तर अर्थ "ठार मारतो" आणि तापाऽन असेल तर "भेटतो". उद्या भेटते असं सांगायला जाल तेव्हा जपून.

श्रवणभक्त | १९:५५
देवनागरीची वही आधी फेका. हे सगळं ऐकून येतं, लिहून नाही. युलेच्या (फिनलंडची सार्वजनिक प्रसारणसंस्था) सोप्या फिनिशमधल्या बातम्या लावा, रोज दहा मिनिटं, निवेदकाच्या मागोमाग म्हणा.

अनुस्वार | २०:०३
ऐकून यायला आधी कानाला फरक कळावा लागतो. धागाकर्तीला तिन्ही तुली एकच ऐकू येतायत, मग बातम्या काय कामाच्या? वही फेकू नका, नीट लिहा. वृत्तं शिकलेल्यांना तर सोपं आहे: तुलि लघु-लघु, तूलि गुरु-लघु, तुल्लि गुरु-लघु. शेवटच्या दोघांच्या मात्रा सारख्या, पण वेळ एकीत उ-वर जातो, दुसरीत ल-वर.

रुईफूल | २०:१०
मात्रा ठीक, पण जोराचं कोणीच बोललं नाही. फिनिशमध्ये जोर कायम पहिल्या अक्षरावर. लांबी मात्र कुठेही असू शकते. तापाऽनमध्ये जोर ता-वर, लांबी पा-वर. आपण लांब दिसेल तिथे जोरही देतो आणि पहिलं अक्षर गिळतो. ऐकणारा "काय?" करतो त्याचं हे मोठं कारण असू शकतं.

आणि ताई, इंग्रजीतला तक्ता म्हणूनच "जा" झालंय. जे म्हणजे य. तो शब्द "या", अर्थ "आणि". पानभर उताऱ्यात किती वेळा येत असेल बघा.

ताकभात | २०:१८
उरलेली इंग्रजीची भुतं अशी. टी म्हणजे त, ट नाही. पी, टी, के श्वास न सोडता, आपल्या प-त-क सारखे, इथे आपण इंग्रजांच्या पुढे आहोत. व्ही म्हणजे व. आर जीभ थरथरवून. डी ना पूर्ण द ना पूर्ण ड, दातांच्या जरा मागे. एच व्यंजनाच्या आधी आला तरी खायचा नाही: लाह्ति. एनजी म्हणजे "ंग" नाही, तर वाङ्मयातला ङ, तोही दुहेरी. हेल्सिङ्कि, पण "हेल्सिंकीचा" म्हणताना हेल्सिङ्ङिन. ग अजिबात नाही.

आणि २९चं ओझं घेऊ नका. बी, सी, एफ, क्यू, डब्ल्यू, एक्स, झेड आणि गोलाचा ए ही आठ अक्षरं परक्या शब्दांत आणि नावांतच भेटतात. त्या गोलाच्या ए-ला ते "स्वीडिश ओ" म्हणतात.

घाईगडबड | २०:२६
बरं. टिंबवाले कसे म्हणायचे? आणि वाय?

रुईफूल | २०:३९
टिंबांचा ए म्हणजे बॅटमधला ॲ. साऽरि म्हणजे बेट, सॅऽरि म्हणजे नडगी.

वाय हा स्वर आहे. आरशासमोर बसा. लांब "ई" म्हणा, जिभेचं टोक खालच्या दातांना टेकलेलं. आवाज न तोडता फक्त ओठ "ऊ"सारखे गोल करा. "यू" झालं तर जीभ मागे सरकली, पुन्हा करा. टिंबांचा ओ तसाच: "ए" धरून ओठ "ओ"चे. ओठ हलले पाहिजेत, जीभ नाही.

तुमच्या त्या युवस्कुला गावाच्या नावात चारही स्वर पुढचेच (जीभ पुढे ठेवून म्हणायचे) आहेत: वाय, टिंबांचा ए, वाय, टिंबांचा ए. साध्या शब्दात वाय आणि टिंबवाले हे ए-ओ-यू बरोबर नांदत नाहीत. ई आणि आय ही अक्षरं कोणाबरोबरही चालतात. म्हणून एका शब्दात अर्धे आ आणि अर्धे ॲ वाचले जात असतील, तर बहुधा कुठेतरी टिंबं सुटलीयत. जोडशब्द सोडून, अर्थात.

कोकणकडा | २०:४७
शंभरला फिनिशमध्ये साता म्हणतात. शत! हातोड्याला वासारा, म्हणजे वज्र. भाषा मुळात आपलीच.

अनुस्वार | २०:५३
शब्द इंडो-इराणीतून उसने घेतलेत, फार पूर्वी. भाषा उरालिक या वेगळ्याच कुळातली, जवळची बहीण एस्टोनियन. उसनी साखर आणली म्हणून शेजारी नातेवाईक होत नाहीत. आणि धागा उच्चाराचा आहे.

कोकणकडा | २०:५६
उच्चाराचंच बोलतोय की. साता तोंडात बसतो ना लगेच.

टिंबटिंब | २१:०४
अवांतर: तिथल्या खिडकीवर आडनाव सांगताना लक्षात ठेवा. जोशी रोमनमध्ये लिहिलं की फिनिश माणूस पहिलं अक्षर य वाचणार आणि एस-एच सुटे. जाधवचं यादहाव. स्पेलिंग सांगायचं तर अक्षरांची फिनिश नावं: जे म्हणजे यीऽ, के म्हणजे कोऽ, एच म्हणजे होऽ.

श्रवणभक्त | २१:१०
"जसं लिहितात तसं वाचतात" हेही पूर्ण खरं नाही. "इकडे ये" हे लिहितात तुले तॅन्ने, ऐकू येतं तुलेत्तॅन्ने. आज्ञेनंतर पुढचं व्यंजन दुहेरी होतं, कागदावर त्याची खूण नाही. म्हणून म्हणतो ऐका.

अनुस्वार | २१:१४
हे मान्य. पण नवशिक्याने ते शुक्रवारनंतर बघावं. लिपीही पहिल्यापासून इतकी साफ नव्हती. मिकाएल आग्रिकोलाने १५४३मध्ये पहिलं फिनिश अक्षरपुस्तक छापलं, त्यात क-साठीच के, सी आणि क्यू अशी वेगवेगळी अक्षरं आहेत.

घाईगडबड | २१:३२
वही नव्याने लिहिली. तुलि, तूलि, तुल्लि. तालो. या. तापाऽन. आता एकच शंका. उताऱ्यात "मॅ ओऽन" छापलंय, पुस्तकात मात्र "मिनॅ ओलेन". छपाईची चूक आहे का? दुरुस्त करून वाचू?

ताकभात | २१:३५
चूक नाही, बोलीभाषा. "मी आहे"चंच रोजच्या बोलण्यातलं रूप. उताऱ्यात संवाद आहेत?

घाईगडबड | २१:३६
हो, नाटुकलंच आहे ते. दोघांनी वाचायचंय.

ताकभात | २१:३८
हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलंत? छापलंय तसंच वाचा. मॅ आखूड, ओऽन लांब. आणि दुसरा वाचणारा कोण आहे, त्याच्याकडे कुठली वही आहे?